सगळीकडे बदला

ओरोसला जिल्हा कचेरीच्या मागे
झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे.
कायदा बदलला तेव्हा वकीलसाहेब म्हणाले,
जुन्या मसुद्यांत 'मंच' काढ, 'आयोग' घाल.
मी संगणकाला सांगितलं, सगळीकडे बदल.
त्याने बदललं.
दशावतारी कंपनीच्या जनरेटरच्या तक्रारीत
'ऐन रंगमंचावर अंधार झाला' असं होतं,
त्याचं 'ऐन रंगआयोगावर अंधार झाला' झालं.
तीन प्रतींवर सह्या होऊन गेल्या.
कोणी हसलं नाही.

पूर्वी होडीचं इंजिन कोचीहून यायचं, बिघडायचं,
आणि तक्रार इथे करायची की तिथे
या वादातच दोन पावसाळे जायचे.
आता तक्रारदार राहतो तो पत्ता चालतो.
सुनावणी मोबाईलवरही होते.
हे टाइप करताना मला बरं वाटलं होतं,
खोटं कशाला सांगू.

मग इंदुमती केळुसकर आली.
पिशवीतून दोन बाटल्या काढून
माझ्या की-बोर्डाशेजारी ठेवल्या.
एकीत आगळ, जाड, तळाशी गाळ बसलेला.
दुसरी नुसतीच लाल, बसच्या मागच्या दिव्यासारखी.
लेबल दोन्हीवर तेच.
तिच्या भाच्याने मडकं काढताना
झाकण चुकून तिरपं काढलं होतं.
त्यांनी ती चूकसुद्धा उचलली.

"माझां नाव बाटलेर आसा, पन आतलां माझां नाय."

साहेब म्हणाले, तुम्ही ग्राहक नाही, बाई.
तुम्ही विकणाऱ्या. नाव चोरलं तर ते कोर्ट वेगळं,
खर्च वेगळा, वर्षं वेगळी.
"ही मी इकत घेतलंय. बिल आसा."
साहेबांनी चष्मा काढला.
जाणून घेतलीत ना? मग फसलात कुठे?
आपल्याला फसलेलं माणूस हवं.

ती बराच वेळ बाटलीचं बूच फिरवत बसली.
मग म्हणाली, एक आहे.

शेजारची फिलोमिना लोबो.
मुलाच्या रोसाला सोलकढी केली तिने,
ती लाल बाटली आणून, मडकं बघून,
इंदुमतीचीच म्हणून.
पाहुण्यांच्या जिभा दोन दिवस रंगलेल्या,
एका म्हाताऱ्याला सलाईन लावलं.
तेव्हापासून फिलोमिना हिच्याशी बोलत नाही.

म्हणजे जिला फसवलं
ती जिला लुटलं तिच्यावरच रागावलेली.
कोचीचं अंतर कायद्याने मिटवलं,
या दोन घरांमधल्या गडग्याला
कलम कुठलं, मी साहेबांना विचारलं नाही.
मी मसुदा केला.
'तक्रारदार' पुढे ठिपके ठेवले.

ते ठिपके अठरा दिवस तसेच होते.

एका मंगळवारी फिलोमिना एकटीच आली.
रिकामी बाटली, डाग पडलेल्या टेबलक्लॉथात गुंडाळलेली.
बिल बायबलमध्ये सापडलं म्हणाली.
सही केली, मग पेन परत न देता विचारलं,
"तिचां नाव खंय येतलां?"
मी म्हटलं, तक्रारीत येत नाही.
"खालती घाल. साक्षीदार म्हणान घाल."

पहिली सुनावणी फिलोमिनाच्या पडवीत झाली,
कारण रेंज तिथेच मिळते.
मी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून दिला.
पडद्यावर एकीचा उजवा खांदा,
दुसरीचं अर्धं कपाळ.
सदस्यबाई म्हणाल्या, दोघी नीट दिसत नाही,
खुर्च्या जवळ घ्या.

दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या.
मग इंदुमतीने खुर्ची उचलली नाही, ओढली.
शेणाने सारवलेल्या जमिनीवर
चार पायांच्या रेघा उमटल्या.

कंपनीच्या वकिलाने मुदत मागितली.
मिळाली.
पुढची तारीख सोळा.